मलिक अंबर आणि जमिनीचा धारा

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील जामखेडच्या परिसरात पाऊस बेताचाच. एके वर्षी ज्वारीने शिवार डोलते, तर दुसऱ्या वर्षी पेरलेले बियाणेही पदरात पडत नाही. अशा जमिनीवर धारा, म्हणजे राज्याचा कर, किती बसवावा आणि कोणत्या मापाने बसवावा? चारशे वर्षांपूर्वी ज्याने या प्रश्नाला हात घातला, तो मलिक अंबर बालपणी गुलाम म्हणून विकला गेला होता.

त्याचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बगदादच्या एका धन्याने त्याला शिक्षण दिले. पुढे तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा मंत्री चंगीजखान याच्या पदरी राहून कारभारात तरबेज झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर जिंकले. तेव्हा अंबरने जामखेडच्या दक्षिणेकडील परांड्याच्या किल्ल्यावर निजामशाही वंशातील मुर्तजा याला गादीवर बसविले व बुडते राज्य सावरून धरले.

राज्य राखावयाचे तर फौज हवी आणि फौजेला पैसा हवा. तो येणार शेतातूनच. पण महसुलाची वसुली इजाऱ्याने दिली जाई. इजारदार सरकारला ठराविक रक्कम कबूल करी आणि तिच्यावर आपला नफा चढवून ती रयतेकडून उकळी. पीक बुडाले तरी त्याची मागणी उणी होत नसे. मग कुळे गाव सोडून जात, शेते ओस पडत. आणि ओस शेत कोणाला काय देणार?

अंबरने इजारे बंद केले. वसुली सरकारी कामगारांकडे सोपवून गावचा जुना कारभार पुन्हा उभा केला. जमिनीचा मगदूर पाहून प्रत्यक्ष पिकातील वाटा धान्यरूपाने घेण्याची रीत त्याने घातली. हा वाटा दोन-पंचमांश होता, असे परंपरा सांगते. काही हंगामांचा अनुभव घेतल्यावर त्याने धान्याऐवजी रोख रक्कम ठरविली. ती पिकाच्या सुमारे एक-तृतीयांश किमतीइतकी असे. मात्र लागवड पाहून ती दरवर्षी नव्याने ठरे.

उत्तरेत तोडरमलाने दहा वर्षांच्या पिकांची सरासरी काढून रोख दर बांधले होते. बांधलेल्या दराने शेतकऱ्याला आपले देणे आधी कळते आणि खजिन्यालाही अंदाज येतो. दरवर्षीच्या आकारणीत ही सोय नाही. शिवाय पाहणी करणारा कामगार लाचखाऊ निघाला तर सारेच फसते. परंतु अवर्षणात वाटा आपोआप घटतो, हा तिचा मोठाच गुण. अंबरचा धारा हलका होता असे मात्र म्हणवत नाही. पाचांतील दोन पायल्या देणे कोणत्याही कुणब्याला जडच.

या महसुलावर त्याने मोगलांशी पाव शतक झुंज दिली, १६१० साली खडकी हे नगर वसविले आणि तेथे नळांनी पाणी खेळविले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो मरण पावला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

पुढे शिवाजी महाराजांच्या राज्यातही पिकाचा दोन-पंचमांश वाटा सरकारचा ठरला. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी दख्खनेतील जुन्या आकारणीचा शोध घेऊ लागले, तेव्हा मलिक अंबरच्या धाऱ्याची आठवण दोनशे वर्षांनंतरही गावोगाव टिकून होती.