अंकुराची वाढ : कै. दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका विद्याव्यासंगी घराण्यात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. परंतु तेथे प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले. पुढे पुराणवस्तु खात्यातील नोकरी झाली, मुद्रणालय झाले, तेही भागीदारांशी न पटल्याने सुटले. जादूचे प्रयोगही त्यांनी केले. चाळिशीच्या उंबरठ्यावरील ह्या गृहस्थास लोकांनी धरसोड्या म्हटले असते, तर त्यात नवल नव्हते.

अशा वेळी मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांची चरित्रे पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. चित्रपट पाहता पाहता व अभ्यासिता अभ्यासिता काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. आयुर्विम्यावर कर्ज काढून १९१२ साली ते लंडनला गेले व यंत्रविद्या शिकून परतले. मग कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी एकेक चित्र घेत टिपली. दिवसांमागून दिवस चाललेली ती वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली, आणि ती पाहून भांडवल देणारा मिळाला.

तरीही पैसा अपुरा पडला. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरील दागिने दिले, घरच्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि फिल्म धुण्याचे कामही केले. स्त्रीभूमिकेस कोणी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, जादू ह्यांपैकी एकही विद्या तेव्हा वाया गेली नाही. जे विखुरलेले दिसत होते, ते एका ध्यासाने एकत्र गुंफले. हौस पहिल्या अडचणीशी ओसरते. खरा उत्साह मात्र अडचणीतूनच शिकत जातो. त्याची किंमतही द्यावी लागते. ती दादासाहेबांच्या डोळ्यांनी दिली, घरानेही दिली. बोलपटांच्या काळात ते मागे पडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला निवर्तले, तेव्हा गाठीस फारसे काही नव्हते.

ज्ञातिबांधवांच्या घरी एखादा मुलगा वा मुलगी नेहमीची वाट सोडून काही जीव ओतून शिकत असेल, तर निकालाची घाई करू नये. मातीखाली बी काय करीत आहे, हे वरून दिसत नसते. आपण पाणी घालावे.