देवासचे मौन : कुमार गंधर्व

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. देवासच्या तर थोरली व धाकटी अशा दोन पात्या; मात्र दोहोंवर छाया एकाच देवीच्या टेकडीची. कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन ज्याच्या कानांवरून गेले नाही असे घर आपणा महाजन मंडळींत विरळाच. परंतु ते गाणे या टेकडीच्या पायथ्याशी कोणत्या अवस्थेत अंकुरले, याचे स्मरण क्वचितच होते.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावनजीक सुळेभावी येथे झाला. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांस बालवयातच लाभली. मुंबईस प्रोफेसर देवधरांकडे शिक्षण झाले. गोमंतकन्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि लगोलग क्षयाने गाठले. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या आरंभी हे दांपत्य देवासला आले. वय अवघे तेवीस. गाणे पूर्ण वर्ज्य!

ज्याचे गाणे हाच प्राण, त्याने बिछान्यावर पडून कित्येक वर्षे गप्प राहावयाचे, ही शिक्षा किती कठोर असेल याची कल्पनाच करवत नाही. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरून संसार आणि शुश्रूषा दोन्ही सांभाळली. कुमारांनी मात्र दैवाशी भांडण मांडले नाही. गाता येत नाही, तर ऐकता येते, एवढे त्यांनी स्वीकारले. रस्त्याने जाणाऱ्या स्त्रियांची गीते, ऋतूंची गाणी, नाथपंथी जोग्यांची भजने त्यांच्या कानी पडत. या धुनांचे त्यांनी टिपण केले, त्यांतील स्वरांचे चिंतन केले. रागांची मुळे लोकधुनांत असल्याचा त्यांचा विचार येथेच पक्का झाला व पुढे त्यांतून ‘धुनउगम’ राग निपजले.

आजाराने कुमार घडविले असे काही रसिक म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. आजाराने कित्येक गुणी माणसे नुसतीच नेली. शांत चित्ताने क्षय बरा होत नाही. तो स्ट्रेप्टोमायसीन या त्या काळी नव्या असलेल्या औषधाने हटला. चित्ताच्या शांतीने एवढेच केले की, ती वर्षे वाया गेली नाहीत.

एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. १९५३ साली ते पुन्हा मैफलीस बसले, ते जुन्या दमसासाची नक्कल न करता. लहान लहान, नेमक्या स्वरवाक्यांचे त्यांचे गाणे काहींना रुचले नाही, वादही पुष्कळ झाले. ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला.

त्याआधी, १९६१ साली, दुसऱ्या पुत्राच्या जन्मसमयी भानुमतीबाई निवर्तल्या. ज्या माउलीने मृत्यूच्या दारातून परत आणले, तीच गेली. कुमारांनी देवास सोडले नाही. पुढे वसुंधराबाईंशी विवाह झाला, त्यांची साथ मैफलीतही लाभली. घराचे नाव ‘भानुकुल’.

१९७७ साली पद्मभूषण व १९९० साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. बरे होण्यासाठी म्हणून ज्या गावी आले, त्याच देवासात १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला.