छत्रपती चौथे शिवाजी : वेडे ठरवले गेलेले, किल्ल्यात मृत्यू आलेले कोल्हापूरचे २० वर्षांचे राजे

शिरोळ ही कोल्हापूर संस्थानाची एक पेटा होती, त्या काळातली ही घटना. गादीवर बसलेल्या तरुण छत्रपतींना इंग्रज सरकारने वेडे ठरवले आणि पहाऱ्यात ठेवले. ते खरोखर आजारी होते का, हा वाद १४० वर्षांनंतरही मिटलेला नाही.

दत्तक राजा

दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोप दौऱ्यावरून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे १८७१ मध्ये भोसले घराण्यातील नारायणराव दत्तक आले आणि चौथे शिवाजी झाले. तेव्हा ते जेमतेम ८ वर्षांचे होते. कारभार अर्थातच इतरांच्या हाती राहिला. महाराज वयात येऊ लागले तसे त्यांच्या मानसिक प्रकृतीविषयी बोलले जाऊ लागले.

टिळक-आगरकर तुरुंगात का गेले?

महाराज मुळात वेडे नाहीत, त्यांचा छळ होतो आहे, अशी चर्चा पुण्यापर्यंत पोहोचली. 'केसरी' आणि 'मराठा'ने कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे लिहिले गेले होते ती बनावट निघाली. १८८२ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पत्रे खोटी ठरली, पण त्यामुळे महाराजांच्या प्रकृतीचा प्रश्न काही सुटला नाही.

नगरच्या किल्ल्यात

पुढे महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात हलवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. रुग्ण म्हणून ठेवलेल्या माणसाजवळ सेवेकऱ्याऐवजी लष्करी शिपाई होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तेव्हाचे डॉक्टर, आताचे डॉक्टर

त्या काळी वेड्यांची इस्पितळे तुरुंग महानिरीक्षकांच्या अखत्यारीत असत. १९०५ च्या सुमारास ती सिव्हिल सर्जनकडे गेली. त्याआधी या कामातला डॉक्टर जवळजवळ तुरुंगाधिकारीच होता. आजार ओळखायचा आणि सरकारला हवा तो बंदोबस्तही ठेवायचा.

हा पेच आजही पूर्ण सुटलेला नाही. येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. न्यायालयाकडून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत मनोविकारतज्ज्ञाला उपचारही करावे लागतात आणि हा माणूस खटल्याला सामोरा जाऊ शकतो का, हेही सांगावे लागते. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले अहवालात किती लिहायचे? गुन्हा भयंकर असेल तर मनात येणारी घृणा, भीती किंवा कणव बाजूला कशी ठेवायची? सहीचे ओझे असते ते हेच.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने काही दारे उघडली. एखाद्याची राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थिती पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. दाखल करण्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दादही मागता येते. चौथ्या शिवाजींना यातले काहीच उपलब्ध नव्हते.

पुढे काय झाले?

त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना दत्तक घेतले. त्यांचे वडील जयसिंगराव घाटगे तेव्हा संस्थानाचे रीजंट होते. हेच यशवंतराव पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखले गेले.