समस्तीपूरचा फलाट : रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र

रेल्वेच्या इतिहासावरच्या प्रश्नमंजूषेत एक प्रश्न विचारला जातो. रेल्वेमंत्री पदावर असताना रेल्वे स्टेशनवरच झालेल्या बॉम्बहल्ल्यात कोणाचा मृत्यू झाला? उत्तर एका ओळीचे आहे : ललित नारायण मिश्र, समस्तीपूर, जानेवारी १९७५. एक गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण या एका ओळीमागे केवढी मोठी हकिकत आहे, ती आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवावी असे वाटले. घटना बिहारमधली असली तरी तिच्यात आपल्या ओळखीची मराठी आणि कर्नाटकी माणसे जागोजागी भेटतात.

ललित नारायण मिश्र यांचा जन्म २ फेब्रुवारी १९२३ रोजी बिहारच्या मिथिला भागात, आजच्या सुपौल जिल्ह्याच्या परिसरात झाला. हा कोसी नदीचा मुलूख. कोसी पात्र बदलायची आणि गावेच्या गावे वाहून न्यायची. अर्थशास्त्रात एम. ए. झालेले ललितबाबू १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत लोकसभेवर गेले. तेव्हा वय अवघे एकोणतीस. १९५५ मध्ये कोसीला बांध घालण्याचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाच्या मार्फत गावकऱ्यांना त्या कामावर आणण्यात ललितबाबू पुढे होते. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते या कामामुळे.

पुढे दिल्लीत त्यांची चढती कमान राहिली. गृह आणि अर्थ खात्यांत उपमंत्री, संरक्षण उत्पादनाचे राज्यमंत्री, १९७० पासून परदेश व्यापार मंत्री आणि फेब्रुवारी १९७३ पासून रेल्वेमंत्री. इंदिरा गांधींच्या अगदी विश्वासातले आणि पक्षासाठी निधी उभा करणारे मंत्री अशी त्यांची ख्याती होती. या ख्यातीने त्यांना मोठे केले, तसे अडचणीतही आणले.

मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. पगार, बोनस आणि कामाचे तास या मागण्यांसाठी सुमारे सतरा लाख कामगार त्यात उतरले. नेते होते जॉर्ज फर्नांडिस. ते मूळचे मंगळूरचे, म्हणजे आपल्याच राज्यातले, आणि मुंबईच्या कामगारांमध्ये मोठे झालेले. ८ मे रोजी संप सुरू होण्याआधीच त्यांना अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले, कित्येकांच्या कुटुंबांना रेल्वे क्वार्टर सोडावे लागले, नोकऱ्या गेल्या. वीस दिवसांत संप मोडला. वाडी, सोलापूर, कुर्डुवाडी ही आपल्या भागातली रेल्वेची गावे. तिथल्या जुन्या रेल्वे कुटुंबांना त्या मे महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको. सरकारच्या बाजूने त्या संपाचे मंत्री ललितबाबू होते.

त्याच वर्षी आयात परवान्यांचे प्रकरण गाजले. पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना परवाने मिळावेत म्हणून परदेश व्यापार खात्याला एक निवेदन दिले गेले होते. त्यावर एकवीस खासदारांच्या सह्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक बनावट निघाल्या. निवेदन ललितबाबूंच्या कारकिर्दीतले. संसदेत हा विषय लावून धरणाऱ्यांत मधू लिमये आघाडीवर होते. पुण्याचा हा मराठी माणूस बिहारमधल्या बांका मतदारसंघातून निवडून आलेला होता. ललितबाबूंवर या प्रकरणी खटला कधी उभा राहिला नाही. ते दोषी होते की नव्हते, हे ठरायच्या आधीच समस्तीपूर घडले.

२ जानेवारी १९७५. समस्तीपूर ते मुजफ्फरपूर या ब्रॉडगेज मार्गाचे उद्घाटन होते. ब्रॉडगेज म्हणजे १६७६ मिलिमीटरचा रुळ, मीटरगेज म्हणजे एक मीटरचा. होटगीला उतरून विजापूर-गदगची छोटी गाडी पकडलेल्या मंडळींना हा फरक कळेल. मोठा रुळ आला की गाडी बदलावी लागत नाही आणि माल उतरवून पुन्हा चढवावा लागत नाही. मिथिलेसारख्या मागास भागाला ते मोठे काम होते.

समारंभ स्टेशनच्या फलाटावरच होता. संध्याकाळी भाषण आटोपून ललितबाबू व्यासपीठावरून उतरत असताना बॉम्बचा स्फोट झाला. त्यांचे धाकटे बंधू जगन्नाथ मिश्र, जे पुढे बिहारचे मुख्यमंत्री झाले, तेही जखमी झाले. दरभंग्याचे वैद्यकीय महाविद्यालय तुलनेने जवळ होते, पण जखमी मंत्र्यांना रेल्वेनेच शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या दानापूरच्या रेल्वे रुग्णालयात नेण्यात आले. पोहोचेपर्यंत रात्र बरीच झाली होती. शस्त्रक्रिया झाली, पण ३ जानेवारीला त्यांचे निधन झाले. वयाची बावन्न वर्षे पूर्ण व्हायला एक महिना उरला होता. उपचाराला झालेला हा उशीर पुढे चौकशी आयोगापुढेही आला. या स्फोटात आणखी दोघांचा जीव गेला. एक विधान परिषदेचे सदस्य होते, दुसरा रेल्वेतला साधा कारकून. प्रश्नमंजूषेत त्या दोघांबद्दल कोणी विचारत नाही.

तपास सीबीआयकडे गेला. आनंदमार्ग या पंथाच्या लोकांनी, तुरुंगात असलेल्या आपल्या गुरूंच्या सुटकेसाठी सरकारवर दबाव आणावा म्हणून हा कट केला, असे आरोपपत्र दाखल झाले. पण १९७९ मध्ये न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी प्रकरणाची कागदपत्रे तपासून या तपासावरच गंभीर शंका घेतली. तारकुंडे मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खटला बिहारमधून दिल्लीला हलवला. मग तारखांवर तारखा पडत गेल्या. वीसपेक्षा जास्त न्यायाधीश बदलले. एक आरोपी खटला चालू असतानाच वारला. अटकेच्या वेळी चोविशीत असलेला दुसरा एक आरोपी निकालाच्या दिवशी साठी ओलांडून गेला होता. डिसेंबर २०१४ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्यांनी त्याविरुद्ध अपील केले. ललितबाबूंच्या घरातल्या मंडळींनीही खरे सूत्रधार वेगळेच असल्याचा संशय उघडपणे बोलून दाखवला.

मी स्वतः सरकारी नोकर आहे. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना काय काय होते ते रोज पाहतो. पण केंद्रीय मंत्र्याच्या हत्येचा पहिला निकाल लागायला जवळजवळ चाळीस वर्षे लागावीत, याचा मेळ बसत नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे, तर त्या कारकुनाच्या घरच्यांनी कोणाकडे पाहावे?

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. १९७७ मध्ये सरकार बदलले आणि मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. संपात नोकरी गमावलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. ललितबाबूंचे नाव दरभंग्याच्या विद्यापीठाला मिळाले. सुपौल जिल्ह्यात ललितग्राम नावाचे स्टेशनही आहे.

बिदर-कलबुर्गी मार्गाची वाट आपणही किती वर्षे पाहिली! कलबुर्गीचे मल्लिकार्जुन खर्गे २०१३ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये हा मार्ग सुरू झाला. मागास भागाला रुळाचे मोल काय असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून ललितबाबूंबद्दल बोलताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. त्यांच्या काळात संपकऱ्यांचे संसार उघड्यावर आले हे खरे, आणि आपल्या मुलखात मोठी गाडी आणतानाच त्यांचा जीव गेला हेही तितकेच खरे.