स्वस्तात मस्त खेळवणारा माणूस

नवा गेमिंग कन्सोल आला की आपण आधी ग्राफिक्स बघतो, मग प्रोसेसर आणि सगळ्यात शेवटी किंमत. तिथेच बऱ्याच जणांचा बेत बारगळतो. जपानमधल्या एका इंजिनिअरने ही यादीच उलटी केली. तो गुनपेई योकोई, गेम बॉयचा जनक.

जन्म १९४१चा, क्योटोतला. दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकून तो १९६५मध्ये निंतेंडोत लागला. तेव्हा ही कंपनी पत्ते बनवायची आणि योकोईकडे काम होतं मशीनच्या देखभालीचं. रिकाम्या वेळात त्याने लांबची वस्तू पकडणारा, घडी होणारा एक हात बनवला. अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. ओरडा बसायच्या ऐवजी हुकूम मिळाला, हे विकायला काढ! ‘अल्ट्रा हँड’ नावाचं ते खेळणं दहा लाखांवर खपलं.

पुढे एकदा ट्रेनमध्ये त्याला कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला दिसला. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेत तेव्हा एलसीडी स्क्रीन स्वस्त झाल्या होत्या. योकोईने त्यावरच खिशात मावणारा गेम बनवला. १९८०मध्ये आलेल्या ‘गेम अँड वॉच’चे चार कोटींवर नग विकले गेले. त्याचं सूत्र साधं होतं. नवीकोरी महाग टेक्नॉलॉजी नको. जुनी, स्वस्त झालेली घ्यायची आणि तिचा नवा उपयोग शोधायचा.

१९८९मध्ये आला गेम बॉय. स्क्रीन हिरवट, रंग नाहीत, आत लाइटही नाही. पण अमेरिकेत किंमत जेमतेम ९० डॉलर, सोबत टेट्रिस. त्याच वर्षी आलेला अटारीचा रंगीत लिंक्स साधारण १८० डॉलरचा. नंतर सेगाचा गेम गियर आला, तोही रंगीत, १५० डॉलरला. दोघांनाही सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. म्हणजे घेताना स्वस्त आणि वापरतानाही स्वस्त. पॉकेटमनीवर जगणाऱ्याला आणखी काय हवं? पुढच्या कलर मॉडेलसह तो जवळपास १२ कोटी विकला गेला.

मग हेच सूत्र अंगाशी आलं. १९९५मध्ये योकोईने थ्रीडी दाखवणारा ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. खर्च वाचवायला फक्त लाल एलईडी वापरले. तरी किंमत गेली १८० डॉलरवर. टेबलावर ठेवून, डोळे लावून खेळायचं, वर डोकं दुखायचं. किंमत उतरवली, तरी लोक फिरकले नाहीत. आठ लाखही खपला नाही.

१९९६मध्ये त्याने निंतेंडो सोडली, स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बंदाईसाठी ‘वंडरस्वान’वर काम सुरू केलं. पण ४ ऑक्टोबर १९९७ला रस्ते अपघातात तो गेला. वय अवघं ५६. १९९९मध्ये वंडरस्वान बाजारात आला. किंमत ४,८०० येन आणि लागायचा एकच पेन्सिल सेल.

रंग नसूनही गेम बॉय चालला, कारण लोकांना कुठेही, भरपूर वेळ खेळायचं होतं. व्हर्च्युअल बॉय मात्र लोक नवं जग बघायला हातात घेत होते आणि काटछाट नेमकी तिथेच झाली होती. स्वस्त करताना काय कापायचं नाही, हे योकोईच्या यशापेक्षा त्याच्या अपयशातून जास्त कळतं.