एका सेकंदाचे पाच सेकंद

स्लो मोशन म्हटलं की आपल्याला हिरोची एन्ट्री आठवते. पण गोळी लागलेला माणूस हळूहळू कोसळतो, ही स्टाइल जगभर पसरवली सॅम पेकिन्पाने. शोध त्याचा नव्हे. कुरोसावाने १९५४ च्या 'सेव्हन सामुराय'मध्ये ती वापरली होतीच.

पेकिन्पा १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला जन्मला. घरचे लोक वकिलीतले, पण हा रमायचा आजोबांच्या रॅन्चवर. पुढे मरीन्समध्ये भरती, चीनमध्ये पोस्टिंग, मग टीव्हीच्या वेस्टर्न मालिका. सिनेमात आला आणि भांडणं सुरू झाली. 'मेजर डंडी' (१९६५) त्याच्या हातातून घेऊन कापला गेला, नंतरच्या पिक्चरवरून तर त्याला सरळ काढूनच टाकलं.

मग १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या पारासला 'द वाइल्ड बंच'चं शूटिंग झालं. गोष्ट १९१३ ची. म्हातारे होत आलेले दरोडेखोर, घोड्यांच्या जगात मोटार आणि मशीनगन आलेली. शेवटी चौघं आपल्या पकडलेल्या साथीदारासाठी अख्ख्या फौजेसमोर चालत जातात. ते चालत जाणं त्याने सेटवरच सुचून घेतलं म्हणे! त्यानंतरची गोळीबाराची लढाई त्याने अनेक कॅमेऱ्यांनी, वेगवेगळ्या स्पीडने टिपली. आपल्या भाषेत सांगायचं तर १२० फ्रेम्सने शूट करून २४ ने दाखवलं की एका सेकंदाचे पाच होतात. एडिटर लू लोम्बार्डोने हे स्लो तुकडे नॉर्मल स्पीडच्या तुकड्यांत इतके बारीक गुंफले की डोळ्याला श्वास घ्यायला जागाच मिळत नाही.

पेकिन्पाला मरण किती घाणेरडं असतं ते दाखवायचं होतं. झालं उलटंच, लोकांना ते सुंदर वाटलं. खरं तर सुरुवातीलाच त्याने मुंग्यांच्या लोंढ्यात विंचू सोडून हसणारी लहान मुलं दाखवली आहेत. मला ती थेट आपल्यावरच रोखलेली वाटतात. जॉन वू, टॅरंटिनो वगैरे मंडळी पुढे याच वाटेने गेली.

१९६९ मध्ये पिक्चर लागला आणि थोड्याच दिवसांत स्टुडिओने त्याला न विचारता सुमारे दहा मिनिटं कापली. गेले ते बहुतेक फ्लॅशबॅक, म्हणजे या दरोडेखोरांना माणूस करणारा भाग. गोळीबार मात्र राहिला!

नंतर 'स्ट्रॉ डॉग्ज', 'द गेटअवे' आले. दारू आणि कोकेनही. २८ डिसेंबर १९८४ ला हृदय बंद पडून तो गेला, वय ५९. कापलेली मिनिटं परत जोडून पिक्चर पुन्हा थिएटरला लागला तो १९९५ मध्ये.