घर सर्वांचं, हिशेब लक्ष्मीबाईंचा

मुंबईहून रेल्वेनं नागपूरला जायचं तर आमचं बडनेरा चुकत नाही. १८६७ साली नागपूरपर्यंत रूळ पोचले, तेव्हापासूनची ही वाट. एक तापट, विसराळू, हाती पैसा न टिकणारा कवी १८९० नंतर कधीतरी याच वाटेनं नोकरीसाठी नागपूरला गेला असणार. नारायण वामन टिळक. त्यांच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या, गुणही मिळवले. मला आज लिहायचं आहे ते त्यांच्या संसाराबद्दल. धर्मसेवेला वाहून घेतलेल्या माणसाच्या घरात चुलीपाशी काय चालतं, हे या घराइतकं उघडपणे मराठीत क्वचितच नोंदलं गेलं आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची लहानगी मनू लग्नानंतर लक्ष्मीबाई झाली. नवरा एका नोकरीत रमत नसे आणि मनात आलं की उठून चालू लागे. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं त्यांनी वैदिक ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं. पुढे राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोनेक वर्षांत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय त्यांच्या एकट्याचा होता. लक्ष्मीबाईंची संमती त्यात नव्हती. आधीची मुलं दगावलेली, पदरात एकटा दत्तू, आणि नवरा असून नसल्यासारखा. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईनं हे कसं सोसलं असेल, याचा नुसता अंदाजच करावा. नातलगांच्या आधारानं त्या पंढरपूरला राहिल्या.

इथे एक गोष्ट टिळकांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतराच्या कारणानं नांदायला तयार नसेल, तर न्यायालयातून विवाह संपवून दुसरं लग्न करण्याची सोय १८६६ च्या कायद्यात होती. टिळकांनी त्या वाटेला पाऊल टाकलं नाही. पत्रं लिहिली, कविता धाडल्या, वाट पाहिली. चारपाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांच्याजवळ आल्या. पण आल्या त्या आपलं सोवळं सांभाळून. एका संसारात दोन धर्म काही काळ नांदले. नवऱ्यानं बळजोरी केली नाही. बाईंनी स्वतः विचार केला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या धीराची एवढी परीक्षा दुसऱ्या कशानं घेतली असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर घर सुरू झालं, पण ते दोघांचं कधीच नव्हतं. छप्पनच्या दुष्काळानं आमचं वऱ्हाड होरपळलं तसा नगर भागही होरपळला आणि अनाथ मुलं टिळकांच्या दारी आली. येणारेजाणारे, मागणारे, गाणारे होतेच. बालकवी ठोंबरे घरच्या मुलासारखे तिथे राहिले. टिळक कोणाला नाही म्हणत नसत. खिशात असेल ते देत, नसेल तर उसनं आणून देत. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. असा अर्जदार समोर बसला असता तर मी त्याला कर्ज दिलं नसतं. पत्नी जामीन राहते म्हणाली असती, तर मात्र डोळे मिटून सही केली असती. पाळकाचं घर म्हणजे बिनकुलपाचं घर, हे म्हणायला गोड आहे. पण पाहुणा दारात आल्यावर डब्यात पीठ किती उरलंय हे पाहायला आत कोणीतरी जावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका पाळकबाईंनी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं आणि त्या खूप हसल्या. मग बराच वेळ गप्प बसल्या.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, ते रेव्हरंड झाले. परदेशी चालींच्या उपासनेत त्यांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. शेकडो गीतं लिहिली. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू १९१२ पासून सांभाळली. आणि १९१७ साली, सगळं बऱ्यापैकी स्थिरावलेलं असताना, मिशनची पगारी चाकरी सोडली. आपण ख्रिस्ती संन्यासी झालो असं जाहीर केलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रीती असलेले सगळे तिथे एका पंगतीला बसावेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना मोठी होती यात शंका नाही. पण संन्याशाला बायको असली की महिन्याच्या एक तारखेचं काय करायचं, हा प्रश्न तिच्या वाट्याला येतो. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं असाच एकट्यानं निर्णय घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई दूर राहिल्या होत्या. या वेळी त्या सोबत राहिल्या. तो आंधळा होकार नव्हता. नवऱ्याच्या चुका त्यांना लख्ख दिसत होत्या, पुढे त्यांनी त्या हसत हसत लिहूनही ठेवल्या.

बालकवी १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली स्टेशनात गाडीखाली गेले. भादली आमच्याच लाइनीवर आहे. वर्षभरानं, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. दरबार नीट उभा राहण्याआधीच मोडला. मागे राहिलं ते ‘ख्रिस्तायन’, ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य. त्याचे जेमतेम दहाअकरा अध्याय झाले होते.

हे अपुरं काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. त्यांना लिहायला वाचायला शिकवलं होतं ते टिळकांनीच. त्यांनी कीर्तनं केली, १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध केलं आणि ‘ख्रिस्तायना’चे साठाहून अधिक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या, तेव्हा शेवट तेवढा राहिला होता. तो दत्तूनं, म्हणजे देवदत्त टिळकांनी, लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ बाहेर पडला.